नदीवरचा निळा कागद

आमच्या स्टुडिओतलं कुठलंही भांडण एका ठरलेल्या वाक्यानं संपायचं. मैत्रीण उठायची, खिडकीपाशी ठेवलेल्या शेगडीकडे जायची आणि पाठमोरी राहूनच विचारायची, "चहा टाकू?" मी "टाक" म्हणायचे, की भांडण मिटलं. कोण चुकलं, कुणाचं बरोबर होतं, हे आम्ही कधी तोंडानं बोललो नाही. मला तेव्हा ह्या रीतीचं फार कौतुक होतं. बाकीचे लोक माफीबिफी मागत बसतात, आमचं बघा, एका कपात काम. ते कौतुक कसं ओसरलं, त्याची ही गोष्ट.

स्टुडिओ म्हणजे ठाण्याच्या नौपाड्यातला तिच्या वडिलांचा जुना दवाखाना. डॉक्टरकाका निवृत्त झाले, पेशंट तपासायचं टेबल भंगारात गेलं आणि तिथे दोन संगणक आले. बाहेरचा बाक मात्र तसाच राहिला. दारावर आमची पाटी लागली तरी एखादे आजोबा चुकून ब्लडप्रेशर बघायला येऊन त्या बाकावर बसायचे. ती त्यांना पाणी द्यायची, काकांची खुशाली सांगायची. आत मी चित्रं काढत असायचे. जागा तिची, ओळखी तिच्या, हात माझा. आमचं असं बरीच वर्षं बरं चाललं होतं.

मी शहाडची. ती भेटली आर्ट कॉलेजात. माझ्या डब्यातली सुकटीची चटणी तिनं घरी न सांगता वर्षानुवर्षं खाल्ली. तिच्या घरच्या गणपतीत मी मोदकांना कळ्या पाडायला शिकले, आणि आमच्याकडे बुद्धपौर्णिमेच्या खिरीला ती न चुकता यायची. आई तिला माझ्यापेक्षा मोठी वाटी द्यायची. मी लग्न होऊन डोंबिवलीला गेले तरी ती खीर खायला शहाडलाच यायची, माझ्याशिवायसुद्धा. हे सगळं एवढ्यासाठी सांगते की परक्यानं फसवलं तर माणूस चार शिव्या देऊन मोकळं होतं. केसानं गळा कापला म्हणतात ना, तो कापायला माणसाला आधी इतकं जवळ यावं लागतं.

आम्ही वेबसाइटसाठी ॲनिमेशन करायचो. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात विम्याच्या जाहिरातीत छत्री उघडायची आणि बिल्डरच्या जाहिरातीत इमारतीमागून सूर्य वर आणायचा. असे किती सूर्य मी वर आणले असतील! त्यातल्या एकाखालीही माझं नाव नव्हतं. जाहिरातीखाली चित्रकाराचं नाव कोण टाकतं? मग एके दिवशी डॉक्टरकाकांच्या ओळखीतले एक प्रकाशक आले. मुलांची पुस्तकं काढणारे, ठाण्यातलेच. त्यांना शाळांसाठी उल्हास नदीची गोष्ट हवी होती, पण कागदावर नाही, संगणकावर. चित्रातलं पाणी वाहायला हवं, मासे पोहायला हवेत, आणि ते सगळं शाळेच्या संगणकावर वेबपानासारखं उघडायला हवं. डोंगरापासून खाडीपर्यंत नदीचे टप्पे, एकेका टप्प्याचा एकेक भाग. पहिला भाग शाळेत आवडला तर पुढचे सगळे माझे, आणि प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर "चित्रं" ह्या शब्दापुढे माझं नाव. प्रकाशक हे इतक्या सहज बोलले की मी दुसरीकडेच बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना दिसू नये म्हणून.

पहिला भाग मी शहाडचा मागून घेतला. लहानपणी वडील सुट्टीच्या दिवशी मला पुलाखाली न्यायचे. कारखान्यात कापसाच्या धुळीत काम करणारा माणूस तो. नदीवर आला की नुसता बसून राहायचा. थंडीच्या दिवसांत, उन्हं नुकती वर आलेली असताना, काठावरचं वाळलेलं पिवळं गवत पाण्यात पडलेलं दिसायचं आणि त्या पिवळ्यावरून निळं पाणी वाहायचं. त्यातून एक हिरवा रंग तयार व्हायचा. शेवाळाचा नाही आणि झाडाचाही नाही. तो हिरवा मी नंतर रंगाच्या पुष्कळ नळ्या पिळून शोधला, पण कुठल्या नळीत तो नव्हता.

तो सापडला सॉफ्टवेअरमध्ये. शाळेच्या गॅदरिंगला दिव्यावर रंगीत जिलेटिनचा कागद लावतात, तो आठवा. पिवळ्यावर निळा धरला की हिरवं दिसतं. संगणकावर एका चित्रावर दुसरं चित्र तसंच पारदर्शक ठेवता येतं. रंगात रंग मिसळायच्या अशा बऱ्याच तऱ्हा असतात, त्यातली ही मल्टिप्लाय नावाची. तिची गंमत अशी की वरच्या चित्राचा कोरा पांढरा कागद दिसतच नाही, फक्त रंग खालच्या चित्रात उतरतो. मी एका कागदावर जलरंगात काठ, गवत आणि मासे रंगवले, सगळं पिवळ्या-तांबूस छटांत. दुसऱ्या कागदावर नुसतं निळं पाणी. दोन्ही स्कॅन केले, निळा पिवळ्यावर ठेवला, मल्टिप्लाय केलं आणि खुर्चीतच मागे टेकले. वडिलांचा हिरवा समोर होता, त्यात मासे होते, आणि निळा कागद हळूहळू सरकवला की नदी वाहत होती. वडील जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्या दिवशी मी ऑफिसात रडले. मैत्रिणीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि चहा टाकला.

पुढचं काम तिचं. माझी चित्रं जुळवायची, हलती करायची आणि शेवटी त्याचं वेबपान बनवून द्यायचं. पान बनवताना सॉफ्टवेअर दर वेळी एक खिडकी उघडायचं. पिवळा त्रिकोण आणि खाली इंग्रजीत बरंच काही. मी एकदा तिच्या मागे उभी असताना ती खिडकी आली. तिनं खालच्या चौकोनात खूण केली, "पुन्हा दाखवू नका", आणि ती बंद केली.

"काय म्हणत होतं ते?" मी विचारलं.

"काही नाही गं. नेहमीचंच. तू रंग बघ, हे माझ्यावर सोड."

मला बरंच वाटलं. नवऱ्याला मी घरी सांगितलंसुद्धा, की असा पार्टनर मिळायला नशीब लागतं.

तरी मी अगदीच भोळी नव्हते. जुने ब्राउझर असल्या नव्या करामती करत नाहीत, हे कानावर आलं होतं. ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण वेबसाइट बघतो ते, आणि शाळांच्या संगणकांवर तो कुठल्या जमान्यातला असेल ते शिपायालाही सांगता येत नाही. मी तिला स्पष्ट विचारलं, "शाळेत हे दिसेल ना? नाहीतर आताच सांग. मी दोन्ही चित्रं एकत्र करून एकच चित्र देते. पाणी थोडं कमी हलेल, पण रंग तरी राहील."

"मी कल्याणला जाऊन बघून येते," ती म्हणाली.

आणि गेली खरंच. ज्या शाळेत पहिला भाग दाखवायचा होता तिथे जाऊन, त्यांच्या संगणकावर आमचं पान लावून आली. येताना भुईमुगाच्या ओल्या शेंगा घेऊन आली. त्या उकडल्या, आम्ही खाल्ल्या, आणि शेंग सोलता सोलता ती म्हणाली, "मशीन जुनी आहेत गं, पण ठीक आहे."

"सगळं दिसलं?"

"म्हटलं ना, ठीक आहे."

त्यानंतरचा पंधरवडा ती फारशी आलीच नाही. कणकण आहे, घरूनच करते, म्हणाली. मी आईच्या हातचं कुळथाचं कळण थर्मासमध्ये भरून तिच्या घरी पोचवलं. दार तिच्या आईनं उघडलं. "ती आत काम करतेय," काकू म्हणाल्या, आणि मी उंबऱ्यावरूनच परतले. त्या थर्मासची आठवण आली की आजही माझा जळफळाट होतो.

शाळेतल्या कार्यक्रमाला मी आईला नेलं. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती, केसांत अबोलीचा गजरा माळला होता. कागदावरची चित्रं तिनं बघितली होती आणि गवतात लपलेला खेकडा स्वतः शोधून काढला होता. संगणकाच्या खोलीत पुढे मुलं, मागे बाई, खुर्चीत प्रकाशक आणि त्यांच्या शेजारी आई. मैत्रिणीनं पान उघडलं.

पडद्यावर एक निळा कागद आला. नदी नव्हती, कागद होता. पांढऱ्या कडांसकट. कारण वरचं चित्र पारदर्शक झालंच नाही. ते खालच्या चित्रावर सपशेल झोपलं होतं. काठ गेला, गवत गेलं, मासे गेले. कागदाच्या उजव्या कडेतून एका माशाचं शेपूट तेवढं बाहेर राहिलं होतं आणि ते आपलं इमानदारीत हलत होतं. निळा कागद डावीकडे सरकला, परत आला, परत सरकला. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, मासे कुठेत?" मागून कुणीतरी खिदळलं. आईनं कपाळाला आठ्या घातल्या आणि तिच्या मते हळू आवाजात, म्हणजे सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा, मला विचारलं, "पूर आलाय की काय गं?"

मी मैत्रिणीकडे बघितलं. मला वाटलं तिचाही चेहरा पडला असेल, आम्ही दोघी मिळून काहीतरी सावरू. ती तर पर्स उघडत होती.

"सर, अडचण येऊ शकते म्हणून एक साधं व्हर्जन करून ठेवलंय," ती म्हणाली आणि तिनं पेनड्राइव्ह लावला.

नवं पान उघडलं. नदी होती, काठ होता, मासे होते. सगळं नव्यानं काढलेलं, सपाट रंग भरलेलं, पाणी पोपटी. मासे हसत होते. माझ्या खेकड्याच्या जागी खेकडा होता, माझ्या गवताच्या जागी गवत, पुलाचा कोनसुद्धा माझाच. फक्त त्यातली एक रेघही माझ्या हातची नव्हती. मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्रकाशक पुढे वाकून म्हणाले, "हे स्वच्छ आहे. मुलांना असंच लागतं." मग तिनं मागे जाऊन पहिलं पान दाखवलं. "चित्रं" ह्या शब्दापुढे तिचं नाव होतं.

असं काही ऐन वेळी तयार होत नाही. एवढं माझ्यासारख्या संतापलेल्या बाईलाही तिथल्या तिथे कळलं. शाळेच्या संगणकावर निळा कागद तिनं आधीच बघितला होता. बघून आली, शेंगा सोलल्या, ठीक आहे म्हणाली, आणि घरी बसून माझी नदी पुन्हा काढली. कणकण कसली आणि कळण कसलं! आणि एवढं करून तिनं माझंच पान आधी उघडलं. दुसरं थेट दाखवता आलं असतं. माझी नदी सगळ्यांसमोर बुडू दिली, माझ्या आईसमोर, आणि मग पर्स उघडली.

परत आम्ही रिक्षानं गेलो. शहाड स्टेशनपाशी उतरताना आई म्हणाली, "माझ्याकडे एकदा पण बघितलं नाय तिने." मग म्हणाली, "तेरड्याचा रंग तीन दिवस."

"तीन दिवस कुठले, आई," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी डोंबिवलीच्या घरी मी संगणकासमोर बसले आणि हा सगळा प्रकार कसा घडतो ते शोधलं. तांत्रिक गोष्टींच्या मी वाऱ्याला उभी राहत नसे, पण रागानं माणूस पुष्कळ शिकतं. मला वाटलं होतं, ब्राउझरला मल्टिप्लाय येत नसेल तर तो तसं सांगत असेल, काहीतरी तांबडं दाखवत असेल, निदान कण्हत असेल. तसलं काहीही होत नाही. तुम्ही त्याला सांगता, हे चित्र खालच्यात मिसळ. त्याला ते येत नसलं तर तो ऐकून घेतो, तक्रार करत नाही, आणि आपलं आधीचंच करत राहतो. एकावर एक कागद ठेवतो, झालं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हो म्हणाला.

त्याला पकडायची युक्तीही तिथेच मिळाली आणि ती इतकी सोपी होती की मी स्वतःवरच चिडले. त्याला एक शब्द लिहून द्यायचा, मल्टिप्लाय, आणि लगेच तोच शब्द त्याच्याकडून परत वाचून घ्यायचा. शब्द तसाच परत आला तर त्याला ते येतं. आपण लिहिलेल्याऐवजी त्याचा जुनाच शब्द परत आला तर समजायचं, ह्यानं ऐकलंच नाही. मग दुसरा मार्ग धरायचा. दोन ओळींचं काम. मला हे कुणी सांगायचीसुद्धा गरज नव्हती. "शाळेत दिसत नाही गं" एवढं एक वाक्य पुरलं असतं. एका दुपारी मी दोन्ही कागद एकत्र करून दिले असते, नदी थोडी कमी वाहिली असती, पण हिरवी राहिली असती आणि माझी राहिली असती.

प्रकाशकांचा फोन आला. गोड बोलले. पुढचे भाग मैत्रीण करेल, तुम्ही त्यांना मदत करा, तुमचा हात चांगला आहे, म्हणाले. मी फोन ठेवला. ठाण्याला गेले, माझे ब्रश आणायला.

ती संगणकापाशी बसली होती. बाहेरच्या बाकावर एक आजोबा उगाच बसले होते. मी ब्रश गोळा करायला लागले, तेव्हा तीच म्हणाली, "बोल तरी काहीतरी."

"तुला माहीत होतं."

"अगं, वेळ नव्हता. तुला सांगितलं असतं तर तू परत सगळं रंगवायला बसली असतीस. कार्यक्रम पुढे गेला असता, काम हातचं गेलं असतं. मी काम वाचवलं."

"कुणाचं?"

ती एकदम माझ्याकडे वळली. "इतकी वर्षं मी फक्त बटणं दाबली," ती म्हणाली. "सगळे म्हणायचे, हिचा हात बघा, हिचा हात बघा. मला पण चित्रंच काढायची होती ना? आपण एकाच वर्गात होतो."

हे खरं होतं. आणि ते तिनं मला कधीही, खिरीच्या वाटीवर, बाकावर, रिक्षात, कुठेही सांगितलं असतं, तर एक भाग तिचा, एक माझा असं वाटून घ्यायला मी तयार झाले असते. मला आजही तसंच वाटतं. पण तिनं मागितलं नाही, घेतलं. आणि मला त्याहून जास्त लागलं ते "ठीक आहे". शेंग सोलताना म्हटलेलं ते "ठीक आहे".

"मला बाकी काही नको," मी म्हटलं. "नदी ठेव, नाव ठेव. एक वाक्य म्हणून दाखव फक्त. 'मी बघितलं होतं, आणि तुला सांगितलं नाही.' एवढंच म्हण."

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

"ते नाही. मी म्हटलं ते."

"मला वाटलं, तुला त्रास होईल."

"मी बघितलं होतं," मी एकेक शब्द सुटा करून म्हटलं, लहान मुलाला पाठ म्हणायला लावावं तसं, "आणि तुला सांगितलं नाही."

तिचे ओठ हलल्यासारखे वाटले, आणि देवाशपथ सांगते, त्या क्षणी ती म्हणाली असती तर मी ब्रश परत बरणीत ठेवले असते. मग ती उठली, शेगडीकडे गेली आणि पाठमोरी राहून म्हणाली, "चहा टाकू?"

"टाक," मी म्हटलं.

पातेल्यात पाणी पडल्याचा आवाज आला. मी ब्रश उचलले, बाकावरच्या आजोबांना येते म्हणाले आणि जिना उतरले. वर तिनं नेहमीसारखे दोन कप काढले असतील.